सायगॉनमध्ये घर मांडताना: नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींसाठी

गेल्या दोन-तीन महिन्यांत चार-पाच जणांनी तेच तेच विचारलं, घर कुठे बघू, तूरडाळ मिळते का, टू-व्हीलर चालवली तर चालते का, भाषा येत नाही तर कसं होणार, म्हणून म्हटलं एकदाच सगळं बसून लिहून काढते. मी २०१३ मध्ये सांगलीहून इथे, व्हिएतनाममधल्या सायगॉनला आले, नवऱ्याच्या नोकरीमुळे, दोन वर्षांसाठी म्हणून, आणि अजून इथेच आहे. हनोईला फक्त फिरायला गेलेय, त्यामुळे खाली लिहिलेलं सगळं सायगॉनचं आहे, उत्तरेकडे उच्चार वेगळे, जेवण वेगळं, तिकडे थंडीपण पडते, तिकडे जाणाऱ्यांनी तेवढं ध्यानात ठेवा.

आधी नावाचा घोळ. कागदोपत्री शहर १९७६ पासून हो ची मिन्ह सिटी आहे, बोलताना लोक सर्रास सायगॉन म्हणतात, कुणाला राग येत नाही. दुसरा घोळ नवा आहे. १ जुलै २०२५ पासून शेजारचे बिन्ह युओंग आणि बा रिया-वुंग ताउ हे दोन प्रांत शहरात घेतले आणि जिल्हे, म्हणजे ते क्वन १, क्वन ७ वगैरे, कागदावरून काढून टाकले, आता थेट फुओंग म्हणजे वॉर्ड. पण माणसांच्या तोंडात अजून क्वनच आहे. ड्रायव्हरला, डिलिव्हरीवाल्याला जुना पत्ता कळतो, सरकारी कागदाला नवा लागतो. घराचा करार करताना मालकाकडून दोन्ही पत्ते लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवून द्या.

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती आणि सांगितली असती तर माझं पहिलं वर्ष फार सोपं गेलं असतं. इथे माणूस भेटल्या भेटल्या वय विचारतो. लिफ्टमध्ये, भाजीवालीकडे, ऑफिसात पहिल्याच दिवशी. मला आधी वाटलं काय ह्या चौकशा, पण तो भोचकपणा नाही, त्याशिवाय त्यांना वाक्यच सुरू करता येत नाही. व्हिएतनामीत 'तू' आणि 'तुम्ही' असे कोरडे शब्द रोजच्या बोलण्यात जवळजवळ वापरतच नाहीत, समोरचा आपला कोण लागतो ते ठरवायचं आणि त्या नात्याने हाक मारायची. थोडा मोठा पुरुष असेल तर आन्ह, थोडी मोठी बाई असेल तर ची, आपल्यापेक्षा लहान कुणीही एम. आजोबांच्या वयाचे ओंग, आजीच्या वयाच्या बा. आणि मधली पिढी आली की बघा, वडिलांची बहीण को, आईची बहीण यी, आईचा भाऊ कौ, वडिलांचा धाकटा भाऊ चू, थोरला भाऊ बाक. म्हणजे आत्या, मावशी, मामा, काका! इंग्लिशमधून शिकणारे गोरे लोक इथे महिनोन् महिने अडकतात कारण त्यांच्याकडे सगळ्यांना मिळून एक आंटी आणि एक अंकल, आपल्याला हे सगळं आईच्या दुधाबरोबर मिळालेलं असतं. आपण भाजीवालीला मावशी म्हणतो, रिक्षावाल्याला काका, दुकानात ताई आणि दादा, इथे अगदी तेच चालतं फक्त त्यात सूट नाही.

आणि 'मी' सुद्धा बदलतो हे लक्षात ठेवा. पुस्तकात आणि ॲपमध्ये मी म्हणजे 'तोय' शिकवतात, ते चुकीचं नाही पण कानाला परकं लागतं, बँकेत बोलल्यासारखं. मावशीच्या वयाच्या बाईशी बोलताना स्वतःला 'कॉन' म्हणजे लेकरू म्हणायचं, मोठ्या भावाच्या वयाच्या माणसाशी बोलताना स्वतःला एम, आपल्यापेक्षा लहान मुलीशी बोलताना स्वतःला ची. म्हणजे ताई आता घरी चाललीय हं, असं आपणच आपल्याला म्हणायचं. मी पहिल्या महिन्यात रेस्टॉरंटमध्ये सगळे वेटरला 'एम ओय' अशी हाक मारतात ते ऐकून बाजारात साठीच्या बाईंना खुशाल एम ओय म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, कोथिंबीर बांधून दिली, शेजारची पोरगी मात्र हळूच म्हणाली, 'को', 'को' म्हणा. घरी येऊन अर्थ कळला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन को म्हणून हाक मारली आणि तेव्हापासून आजतागायत मी तिथूनच भाजी घेते. तेव्हा पहिल्या आठवड्यात बाकी काही शिकू नका, हे आठ-दहा शब्द शिका. वय कळलं नाही तर एक पायरी वर धरा, मान जास्त दिला म्हणून कुणी रागावत नाही.

दक्षिणेत आणखी एक गंमत आहे, घरातल्या पोरांना नंबराने हाक मारतात आणि थोरल्याचा नंबर एक नसून दोन असतो. आमच्या गल्लीतली शेजारीण आहे तिला सगळे यी बा म्हणतात, बा म्हणजे तीन, म्हणजे ती घरातली दुसरी. तिचं खरं नाव मला चार वर्षांनी एका लग्नाच्या पत्रिकेवर कळलं.

सुरांचं म्हणाल तर घाबरायचं कारण नाही पण दुर्लक्षही करू नका. मा हे एकच अक्षर, सूर बदलला की भूत, आई, 'पण', थडगं, आणि भाताचं रोप. पुस्तकात सहा सूर आहेत, सायगॉनच्या बोलण्यात दोन एकमेकांत मिसळून पाच उरतात. आपल्याला गाणं ऐकायची सवय असते ना, तसं कानाने पकडा, लिहून पाठ करायच्या मागे लागू नका. लिपी रोमन आहे म्हणून इंग्लिशसारखं वाचायला जाल तर फसाल, ती लिपी पोर्तुगीज आणि इतर जेझुइट पाद्र्यांनी सतराव्या शतकात बसवली, पोर्तुगीज कानांनी ऐकून. त्यातला आलेक्सांद्र द रोड, ज्याचा व्हिएतनामी शब्दकोश १६५१ मध्ये रोमला छापला, तो इकडे येताना आधी गोव्यात राहिला होता. आणि त्याच गोव्यात, रायतूरला, १६१६ मध्ये फादर स्टीफन्सनी मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापल्या होत्या. आपली मराठी नंतर आपल्या लिपीत राहिली, ह्यांची त्या पाद्र्यांच्या लिपीत गेली. मला हे कळल्यापासून त्या टिंबा-टोप्यांच्या अक्षरांशी जरा जवळीक वाटायला लागली.

घर. नोकरीवर येणारे बहुतेक थाओ दिएन किंवा फू मी हुंग बघतात, तिथे भारतीय शेजार, इंटरनॅशनल शाळा, सगळं हाताशी, भाडं जास्त. त्यात काही चूक नाही, लहान मुलं असतील तर पहिलं वर्ष तिथेच काढा. पण ज्यांना शहर खरंच बघायचंय त्यांनी एकदा तरी हेममध्ये राहून बघावं असं मी म्हणेन. हेम म्हणजे मोठ्या रस्त्यातून आत शिरणारी गल्ली, तिच्यातून आणखी गल्ली, तिच्यातून बोळ. घरं अरुंद आणि उंच, दर्शनी बाजू चार मीटर आणि मागे लांबलचक, चार-पाच मजले. पत्ता १२३/४५/६ असा असतो, म्हणजे रस्त्यावर १२३ नंबरपाशी आत वळा, मग ४५ पाशी परत वळा, मग ६ नंबरचं घर. एकदा हे कळलं की कधी चुकणार नाही. हेममध्ये सकाळी साडेपाचला झाडू, सहाला फोवाली (फो म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप), दुपारी सामसूम, संध्याकाळी लहान प्लास्टिकच्या स्टुलांवर सगळी गल्ली बाहेर, आणि शनिवारी कराओके. कराओकेचा आवाज मोठा असतो, खूप मोठा, त्याची तयारी ठेवा. आणि कुणी वारलं की गल्लीतच मांडव पडतो, दोन-तीन दिवस वाजंत्री चालते, तेव्हा तक्रार करायची नाही, जाऊन अगरबत्ती लावून यायची.

कागदांचं एकच महत्त्वाचं सांगते, परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने १२ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करायची असते, त्याला ताम चू म्हणतात. आमच्या पहिल्या मालकाने ती केलीच नव्हती, आणि रेसिडेन्स कार्डाच्या वेळी आमचीच धावपळ झाली. नोंद करून द्यायला टाळाटाळ करणारं घर कितीही सुंदर असलं तरी घेऊ नका. डिग्रीच्या प्रमाणीकरणाचं कंपनीला विचारून भारतात असतानाच उरकून घ्या, इथून ते करणं म्हणजे आई-वडिलांना सरकारी ऑफिसांच्या पायऱ्या चढायला लावणं. आल्यावर लोकल सिम घ्या, झालो ॲप (इथलं व्हॉट्सॲपच म्हणा) टाका, कारण इथे घरमालकापासून शाळेच्या बाईंपर्यंत सगळे झालोवर असतात.

बहुतेक घरांत आणि दुकानांत दाराकडे तोंड करून जमिनीवर एक छोटं देवघर दिसेल, लाल रंगाचं, त्यात दोन गुबगुबीत म्हातारे बसलेले. एक ओंग दिया म्हणजे जागेचा देव, दुसरा थान ताय म्हणजे धनाचा. त्यांच्यापुढे फुलं, केळी, कधी कॉफी, कधी पेटवलेली सिगारेटसुद्धा ठेवतात. भाड्याच्या घरात ते असेल तर हलवू नका, आणि त्याच्यासमोर चपला काढून ठेवू नका. पूर्वजांचं देवघर वेगळं आणि वरच्या मजल्यावर. यी बाने पहिल्यांदा घरात बोलावलं तेव्हा मी आधी तिच्या सासू-सासऱ्यांच्या फोटोला हात जोडले, नकळत, आपल्याकडे करतो तसे, आणि तिचा चेहरा जो उजळला तो मला अजून आठवतो.

पैशांचं चटकन. एक रुपया म्हणजे साधारण ३०० डोंग, तेव्हा किमतीतले शेवटचे दोन शून्य काढा आणि तीनने भागा. बाजारात हजार बोलतच नाहीत, 'वीस' म्हणाली की वीस हजार. २० हजाराची आणि ५ लाखाची नोट दोन्ही निळसर, घाईत गल्लत होते, माझी झाली होती आणि बान्ह मी म्हणजे इथलं सँडविच विकणारा चू माझ्यामागे पळत येऊन परत देऊन गेला. आता क्यूआर सगळीकडे आहे, बँक खातं उघडलं की हा प्रश्न बराचसा संपतो.

रस्ता ओलांडणं. गाड्या उजव्या बाजूने, स्कूटर्सचा लोंढा थांबत नाही, म्हणून लोक फुटपाथवर दहा मिनिटं उभे राहतात. करायचं एवढंच की हळू आणि एका चालीत चालत राहायचं, मध्येच थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे फिरायचं तर अजिबात नाही, ते तुमच्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने जातात. बस आणि कार मात्र थांबतील असं धरू नका. स्वतः चालवायची असेल तर भारतातून आणलेलं इंटरनॅशनल परमिट इथे चालत नाही असंच धरून चला, इथलं लायसन काढा, नाहीतर अपघात झाला तर विमा हात वर करतो. ओळखीच्या एकाचं असं झालंय आणि हॉस्पिटलचं बिल फेडताना त्या कुटुंबाचे हाल मी बघितलेत, म्हणून हे फार मनापासून सांगतेय. हेल्मेट २००७ पासून सक्तीचं आहे, आणि २०२० पासून दारूची मर्यादा शून्य, एक बिअरसुद्धा नाही. ॲपवरून मागवलेली बाइक-टॅक्सी स्वस्त आणि चांगली, पाऊस नसेल तेव्हा. २२ डिसेंबर २०२४ ला पहिली मेट्रोपण सुरू झाली, बेन थान्हपासून सुओई तिएनपर्यंत, जवळपास २० किलोमीटर आणि १४ स्टेशनं, थाओ दिएनला राहणाऱ्यांना तिचा खूप उपयोग. पाऊस मे ते नोव्हेंबर, बहुतेक दुपारी, धो धो तासभर आणि मग ऊन. आपल्यासारखी आठवडाभराची झड क्वचित. पण सप्टेंबरपासून भरतीचं पाणी नदीतून उलटं वर येतं आणि पाऊस नसतानाही काही रस्ते गुडघ्याएवढे भरतात, घर बघायला जाल तेव्हा खालच्या मजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ दिसते का ते बघा.

आता जेवण, ह्यावर सगळ्यात जास्त काळजी असते, विशेषतः शाकाहारी लोकांची. शब्द लक्षात ठेवा, चाय. चहा नाही, चाय म्हणजे शाकाहार! 'अन चाय' म्हणजे मी शाकाहारी जेवते. दर चांद्र महिन्याच्या १ तारखेला आणि १५ तारखेला पुष्कळ लोक चाय जेवतात, आपल्याकडे एकादशी-संकष्टीला करतात तसं, त्यामुळे कॉन्सेप्ट समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येक भागात चायची खाणावळ असते, 'कॉम चाय' पाटी बघा, त्यात मांस, मासे, बहुतेक ठिकाणी अंडंही नाही, आणि बौद्ध पद्धतीने कांदा-लसूणही टाळलेला असतो. पण साध्या हॉटेलात जाऊन नुसतं 'मांस नको' म्हणालात तर पालेभाजीवरसुद्धा न्युक मम म्हणजे माशाचा रस पडणार, तो त्यांच्या लेखी मीठच आहे. 'खोंग न्युक मम' हे वाक्य पाठ करा. आणि फोचं पाणी हाडांचंच असतं हे गृहीत धरा, चाय फो वेगळा मागवा. जे मासे-मांस खातात त्यांना तर काय सांगायचं, ज्यांचं बालपण कोकणात गेलंय ते पहिल्या आठवड्यातच कान्ह चुआ खाऊन घरी आल्यासारखे होतील, चिंचेच्या कोळातलं माशाचं आंबट सार, त्यात भेंडी आणि अळूच्या जातीचे देठ.

भाजीबाजारात जा, सुपरमार्केटमध्ये नाही, आणि सकाळी सातच्या आत जा. आपलं बहुतेक सगळं आहे. माठ आहे, मायाळू आहे, नाळीची भाजी तर इथली रोजची, तिला राव मुओंग म्हणतात, शेवग्याचा पाला, दुधी, दोडका, घोसाळी, कच्चा फणस सोलून मिळतो, केळफूल तर बारीक चिरून तयार. कारल्याला खो क्वा म्हणतात, शब्दाचा अर्थ घेतला तर 'दुःख सरलं', म्हणून नव्या वर्षाला कारल्याचं सार करतात. मला ही कल्पना फार आवडते, आपण गुढीपाडव्याला कडुनिंब खातो त्याची सख्खी बहीण. बान्ह सेओ पहिल्यांदा बघाल तेव्हा घावन म्हणाल, तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध, फक्त आत कोळंबी आणि मोड. मूग सगळीकडे, साबुदाणाही मिळतो पण खिचडीला तो जमत नाही, विरघळतो. तूरडाळ, गव्हाचं पीठ, हिंग भारतीय दुकानांत मिळतं, महाग पण मिळतं. येताना बॅगेत कोकम, गोडा मसाला, भाजणी आणि ज्वारीचं पीठ आणा, बाकी जागा वाया घालवू नका.

आणि हो, तांदळाच्या पिठाचे दोन प्रकार असतात, पाकिटं दिसायला सारखी. एक बोत गाओ म्हणजे साध्या तांदळाचं, दुसरं बोत नेप म्हणजे चिकट तांदळाचं. मी पहिल्या गणपतीला नेप आणलं, उकड काढली आणि सगळं पातेल्याला चिकटलं, एकवीस काय एकही मोदक वळता आला नाही आणि नैवेद्याच्या वेळी मी स्वयंपाकघरात रडले. यी बाला कळल्यावर ती तिच्याकडचे बान्ह इत घेऊन आली, तेच चिकट पीठ, आत नारळाचं सारण, केळीच्या पानात बांधून वाफवलेलं. आम्ही पातोळ्या समजून तेच बाप्पापुढे ठेवले. तेव्हा मोदकाला गाओ. विसरू नका.

ऑफिसबद्दल, कारण मी पाच वर्षांनी इथेच नोकरी धरली. साडेअकरा-बाराला जेवण आणि मग दिवे बंद. खरंच बंद करतात, टेबलाखालून चटई निघते, उशी निघते, एक वाजेपर्यंत सगळे झोपतात. त्या वेळात फोन करायचा नाही, मीटिंग लावायची नाही. भारतातल्या टीमला हे आधीच सांगून ठेवा, वेळेचा फरकही दीड तासाचा आहे, तिकडचे साडेदहा म्हणजे इकडची झोप. दुसरं म्हणजे 'या'. तुम्ही काहीतरी सांगता, समोरचा या, या म्हणत मान डोलावतो, तुम्ही समजता कबूल झालं. 'या' म्हणजे आदराने ऐकतोय, एवढंच. चारचौघांत कुणी नाही म्हणत नाही आणि चारचौघांत कुणाची चूकही काढायची नाही, बाजूला घेऊन, कॉफी पाजून विचारा, मग खरं काय ते कळतं. कॉफी इथे कारण म्हणून पुरतेच, ब्राझीलनंतर जगात सगळ्यात जास्त कॉफी व्हिएतनाम पिकवतो, आणि अर्धी कामं त्या गाळणीतून थेंब थेंब कॉफी पडेपर्यंत होतात. ८ मार्च आणि २० ऑक्टोबरला ऑफिसातल्या बायकांना फुलं, २० नोव्हेंबरला मुलांच्या शिक्षकांना फुलं, हे तीन दिवस कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.

इतिहास रस्त्यांच्या पाट्यांवर आहे. इथल्या कुठल्याही शहरात गेलात तरी तीच नावं, हाय बा चुंग म्हणजे इसवी सन ४० मध्ये चिनी सत्तेविरुद्ध उठलेल्या दोघी बहिणी, चन हुंग दाओ म्हणजे १२८८ मध्ये बाख दांग नदीत खुंट रोवून मंगोलांचं आरमार बुडवणारा सेनापती, ले लोय म्हणजे १४२७ पर्यंत दहा वर्षं लढून चीनच्या मिंग घराण्याला घालवणारा, आणि न्गुयेन हुए आणि क्वांग चुंग ही दोन नावं दिसली तरी माणूस एकच, १७८९ मध्ये ऐन नव्या वर्षाच्या सणात हनोईवर चालून जाऊन चीनच्या चिंग घराण्याची फौज उधळणारा. आपल्यातल्या प्रत्येकाला आवडेल अशी ही माणसं आहेत. ह्यावरून एक सांगायचंय. महाराजांच्या गनिमी काव्यावरून व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं आणि इथल्या नेत्याच्या समाधीवर महाराजांचं नाव आहे, हा मेसेज प्रत्येक मराठी माणूस इथे येताना घेऊन येतो, मीही आणला होता. हो ची मिन्ह यांचं पार्थिव हनोईत बा दिन्ह चौकातल्या समाधीत आहे, तिच्यावर त्यांचं स्वतःचं नाव आहे, बाकी काही नाही. इथल्या माणसाला त्याच्या लढाईचं श्रेय दुसऱ्या कुणाला देऊन बोलायला गेलात तर तो हसून 'या' म्हणेल आणि मनातून दुखावेल. महाराज महाराज आहेत, त्यांना ह्या मेसेजची गरज नाही. त्यांची गोष्ट आपली म्हणून सांगा, मी आमच्या गल्लीतल्या पोरांना प्रतापगड सांगितलाय, आणि त्यांच्याकडून बाख दांग ऐकलंय.

आणि ३० एप्रिलबद्दल जपून. १९७५ मध्ये त्या दिवशी उत्तर व्हिएतनामच्या फौजेचा रणगाडा इथल्या राष्ट्रपतींच्या राजवाड्याचं फाटक मोडून आत शिरला आणि युद्ध संपलं, सुट्टी असते, झेंडे लागतात. पण हे दक्षिण आहे, एकाच घरात एक काका इकडून लढलेला आणि एक मामा तिकडून, नंतर कुणी कैद्यांच्या छावणीत गेला, कुणी देश सोडून बोटीतून निघाला आणि पोहोचला नाही. त्यामुळे 'तुमच्या घरचे कुठल्या बाजूला होते' असं कधी विचारू नका. सांगायचं असेल तर ते सांगतात, बऱ्याच वर्षांनी, आणि तेव्हा नुसतं ऐकायचं.

चुओंग दिन्ह रस्त्यावर मारिअम्मनचं देऊळ आहे, तमिळ व्यापाऱ्यांनी बांधलेलं, आज तिथे अगरबत्ती लावणारे बहुतेक व्हिएतनामीच असतात, भिंतीला कपाळ टेकून देवीला मनातलं सांगतात. घरची आठवण आली की मी तिथे जाते. आणि कधीतरी सुट्टी काढून दा नांगजवळच्या मी सोनला जाच, इथल्या जुन्या चाम राजांची शंकराची देवळं, विटांची. १९६९ मध्ये अमेरिकन बॉम्बनी त्यातलं खूप पडलं, आता डागडुजीत आपल्या पुरातत्त्व खात्याचे लोक आहेत आणि २०२० मध्ये त्यांना खोदताना नवव्या शतकातलं अख्खं शिवलिंग मिळालं.

डिसेंबरमध्ये इथलं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर विकायला येतं, ते घ्या आणि कालनिर्णयशेजारी लावा. त्यात इंग्रजी तारखेखाली चांद्र तारीख असते आणि सगळं गाव त्यावर चालतं. महिना अमावास्येच्या दिवशीच सुरू होतो, त्यांची १ म्हणजे आपली अमावास्या, त्यांची १५ म्हणजे पौर्णिमेच्या आसपास, अधिक महिनाही असतो. सातव्या महिन्याची पौर्णिमा पितरांची, ती कधी नारळी पौर्णिमेला येते कधी भाद्रपद पौर्णिमेला, त्या महिन्यात लोक घर बदलत नाहीत, नवी खरेदी टाळतात, आपला पितृपक्षच म्हणा, त्यामुळे घासाघीस करून घर भाड्याने घ्यायला बरा काळ. आठव्या पौर्णिमेला पोरांचा कंदिलांचा सण, कधीकधी नेमका कोजागरीला, तेव्हा चोलोन म्हणजे इथल्या चिनी वस्तीतल्या लुओंग न्यू हॉक रस्त्यावर जाऊन दिवाळीचे आकाशकंदील घेऊन ठेवा, नंतर मिळत नाहीत. आणि वर्षश्राद्धही तिथीनेच, त्याला दाम यो म्हणतात. शेजाऱ्यांनी दाम योला बोलावलं तर जाच, फळं घेऊन जा, दोन्ही हातांनी द्या. तिथे रडारड नसते, पहिला घास गेलेल्यांना आणि मग सगळ्यांची भरपूर पंगत.

तेत म्हणजे नवं वर्ष, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी. आठवडाभर शहर रिकामं होतं, बाजार बंद, मोलकरीण गावी, म्हणून दहा दिवसांचं वाणसामान आधी भरा, विमानाची तिकिटं दोन-तीन महिने आधी काढा आणि घरकाम करणाऱ्यांना तेराव्या महिन्याचा पगार द्यायची पद्धत आहे तो वेळेवर द्या. बँकेतून कोऱ्या नोटा आणून लाल पाकिटं भरून ठेवा, गल्लीतलं प्रत्येक पोर येणार. पहिल्या दिवशी केर काढायचा नाही, लक्ष्मी जाते, हे तर आपल्याला पाठच आहे. पण एक गोष्ट वेगळी, पहिल्या दिवशी सकाळी उंबऱ्याच्या आत पहिलं पाऊल कुणाचं पडतं त्यावर त्या घराचं वर्ष जातं असं मानतात, म्हणून जन्मवर्षाचा प्राणी (इथे बारा वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो) बघून माणूस आधी ठरवलेला असतो. मी पहिल्या तेतला प्रेमाने लाडू घेऊन सकाळीच यी बाकडे निघाले होते, तिच्या सुनेने गल्लीच्या तोंडाशीच हात धरून थांबवलं आणि दुपारी या म्हणाली, मला तेव्हा लागलं होतं. बोलावल्याशिवाय पहिल्या सकाळी कुणाकडे जाऊ नका. २०२३ चं वर्ष मांजराचं होतं, माझं जन्मवर्ष १९८३, डुकराचं, आणि डुकराचं मांजराशी चांगलं जमतं म्हणे. आदल्या आठवड्यात यी बा आमच्या दारात आली आणि म्हणाली, कॉन, पहिल्या दिवशी सकाळी सातला आमच्याकडे पहिलं तू ये. तुम्हाला असं कुणी बोलावलं तर वेळ चुकवू नका, काळे किंवा पांढरे कपडे घालू नका, आणि आत जाताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी पाकीट द्या. मी लाल काठाची इरकल नेसले होते.